लोड यायच्या आधी

आधीच सांगून टाकते — भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही. माझी सासू अमावास्येला दारावर लिंबू-मिरची बांधायची. एकदा अचानक पाहुणे टपकले आणि घरात लिंबू नव्हतं, तर मी दारावरचंच सोडवून त्याचं सरबत केलं होतं. पाहुणे अजून ठणठणीत आहेत! तेव्हा या सदरात माझं नाव बघून ओळखीचे लोक खो-खो हसणार, हे मला ठाऊक आहे. हसा बापडे. पण माझ्या कपाटात एक कागद पडून आहे, इतकी वर्षं... आणि त्या कागदावर जे उमटलंय ते व्हायला नको होतं. म्हणजे होऊच शकत नाही. मी स्वतः ते काम करायचे, म्हणून सांगते.

१९८६ साल. दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मुलुंड पश्चिमेला आग्रा रोडला लागून — आता त्याला एल.बी.एस. मार्ग म्हणतात, पण आम्ही आग्रा रोडच म्हणायचो — छोट्या कारखान्यांचे गाळे होते. एकात पत्र्याचे डबे, शेजारी रबराचे वॉशर, आणि शेवटच्या दुहेरी गाळ्यात आम्ही. आम्ही डिझेल जनरेटर जुळवायचो. इंजिन एकीकडून यायचं, वीज तयार करणारा अल्टरनेटर दुसरीकडून. लोखंडी चौकटीवर दोघांचं लग्न लावायचं, पॅनेल जोडायचं, टेस्ट करायचं आणि पाठवायचं. मी टेस्टिंगला. वय सव्वीस, माहेर पार्ल्याचं, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, आणि अठरा माणसांत एकटी बाई. तोंड फटकळ होतं म्हणून टिकले.

माझ्याबरोबर टेस्टिंगला केशवमामा. मूळचे कणकवलीकडचे. वीस वर्षं परळच्या एका गिरणीच्या जनरेटर रूममध्ये काढली, मग संप झाला, गिरणी परत उघडलीच नाही, आणि मामा आमच्याकडे लागले. पंचावन्नच्या आसपास वय, कानावर कायम पेन्सिल. इंजिनाच्या अंगावर तळहात टेकवून सांगायचे, "सुलूबाय, तीन नंबराचा नोझल रडता." उघडून बघावं तर तीन नंबरच! माझ्याकडे मीटर होते, मामांकडे तळहात होता, आणि आमचं दोघांचं झकास जमायचं.

आता थोडं यंत्राचं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कंटाळू नका, सोपं आहे.

घरातले दिवे-पंखे नीट चालायला वीज सेकंदाला पन्नास सायकलची लागते. त्यासाठी जनरेटरचं इंजिन एकाच स्पीडला फिरत राहायला हवं. पण मोठा लोड, म्हणजे विजेचा भार, एकदम अंगावर पडला की इंजिन बसतं, म्हणजे स्पीड पडतो. तो सावरायला गव्हर्नर असतो. त्याच्या पोटात दोन वजनं गरगर फिरत असतात; स्पीड पडला की ती आत येतात, बाहेरचा लिव्हर पुढे सरकतो, डिझेल वाढतं आणि इंजिन परत उभं राहतं. यातली मेख लक्षात ठेवा — गव्हर्नरला लोड आलेला कळतो तो स्पीड पडल्यावर. आधी कळायला त्याला ना डोळे, ना कान. आधी स्पीड पडणार, मगच लिव्हर हलणार. जगातला त्या जातीचा कुठलाही गव्हर्नर घ्या, हाच क्रम.

तर त्या वर्षी आम्हाला घाटकोपरच्या एका हॉस्पिटलचं काम मिळालं. सव्वाशे केव्हीएचा सेट, ऑपरेशन थिएटरसाठी. आमच्यासाठी फार मोठी गोष्ट. हॉस्पिटलने तपासणीला पुण्याचे एक सल्लागार नेमले होते, फडके. साठीचे, पांढराशुभ्र बुशशर्ट, खिशात दोन पेनं, बोलणं मोजून मापून. त्यांची अट अशी की बिनलोडाच्या इंजिनावर एकदम पूर्ण लोड टाकायचा, पाच वेळा, आणि एकदाही मीटर पंचेचाळीसच्या खाली जाता कामा नये. गेला की सेट नापास.

लोड टाकायला आमच्या मागच्या अंगणात मिठाच्या पाण्याची टाकी होती. त्यात लोखंडी पत्रे सोडायचे, जितके खोल तितका लोड जास्त. पत्रे आधीच खोल सोडून ठेवायचे आणि पॅनेलवरचा स्विच ओढायचा — धाड! सगळा लोड एका फटक्यात.

पहिल्या टेस्टला फडके पॅनेलपाशी, मी मीटरपाशी, मामा इंजिनापाशी. फडक्यांनी स्वतःचा रेकॉर्डर आणला होता, सरकत्या कागदावर दोन पेनं रेघा काढत जातात तसला. एक रेघ स्पीडची, एक लोडची. मी "टाकते!" म्हणून ओरडायचे आणि स्विच ओढायचे. पहिला फटका, सेहेचाळीस. पास. दुसरा, सेहेचाळीस. तिसऱ्याला फडके कागदाकडे बघत होते ते मान न हलवता म्हणाले, "ते गृहस्थ लिव्हरला हात का लावतात?"

मामांचं उजवं बोट गव्हर्नरच्या लिव्हरवर होतं.

सांगते काय होतं ते. मी "टाकते" म्हटलं की मामा लिव्हरला बोटाने किंचित पुढे रेटायचे. डिझेल आधीच वाढायचं, इंजिन जरासं उसळायचं, आणि त्या उसळीतच लोड यायचा, म्हणून कमी बसायचं. गिरणीतली सवय. आमच्याकडचा कुठलाही मोठा सेट मामांच्या बोटाशिवाय पास झाला नव्हता. आणि — हे लिहायला अजून लाज वाटते — मला ते माहीत होतं. पूर्वी एकदा पाहिलं होतं, विचारलंही होतं. तेव्हा मामा म्हणाले होते, "हमालाच्या डोक्यार गोणी ठेवताना तेका आधी सांगूक नको गे? 'घे रे' म्हणान? नायतर मान मोडात तेची." मला ते इतकं पटलं की मी पुन्हा कधी बोलले नाही.

फडक्यांनी रेकॉर्डर बंद केला. आमचे मालक सामंत धावत आले. फडके शांतपणे म्हणाले, "ही फसवणूक आहे. ऑपरेशन चालू असताना वीज गेली तर हे गृहस्थ घाटकोपरला येऊन बोट लावणार आहेत का?"

बरोबरच होतं हो त्यांचं! मामांच्या डोक्यात ते कधी आलंच नव्हतं. त्यांच्या लेखी ती इंजिनाला मदत होती. पण सामंतसाहेबांचा चेहरा लालेलाल. सगळ्या कामगारांसमोर ओरडले, "केशव, चोरी करतोस? माझ्या कारखान्यात?" इतर वेळी ते मामांना अहोजाहो करायचे. मग फडक्यांकडे वळून हात जोडले. बारा दिवसांची मुदत मिळाली. दुसरी टेस्ट नापास झाली तर ऑर्डर रद्द, आणि मामांना काढणार. नुसतं काढणार नाही, तर फसवणूक केल्याचं पत्र हातात देऊन काढणार, म्हणजे साहेबांचं नाव तरी राखलं जाईल. गिरणी गेलेली, वय पंचावन्न, आणि हातात असलं पत्र. कोण दारात उभं करणार होतं त्यांना?

मामा एवढंच म्हणाले, "साहेबानु, मी चोर नाय." आणि माझ्याकडे बघितलं.

मी गप्प बसले. त्या फटकळ तोंडाला तेव्हाच कुलूप लागलं! मेली मी तिथे.

मामांना टेस्टिंगवरून काढून गेटवर स्टुलावर बसवलं. येणारे-जाणारे टेम्पो वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी डबा खाताना मी त्यांच्याजवळ गेले, म्हटलं, "मामा, माझं चुकलं, मी बोलायला हवं होतं." ते माझ्या डब्यात डोकावून म्हणाले, "जावंदे गे. भाजी कसली हा?" मला तिथेच रडू फुटलं. "आता तू कित्याक रडतंस?" म्हणून स्वतःच्या डब्यातली बांगड्याची तुकडी माझ्या झाकणात ठेवली.

ते बारा दिवस मी त्या गव्हर्नरशी अक्षरशः भांडले. सगळा खेळ स्प्रिंगचा असतो. सैल ठेवली तर इंजिन लोडला जास्त बसतं. घट्ट करून झटपट करायला जावं तर इंजिन एका जागी ठरतच नाही. वर जातंय, खाली येतंय, ऊंऽऽ-हूंऽऽ ऊंऽऽ-हूंऽऽ, त्याला आम्ही हंटिंग म्हणतो. ऑपरेशनचे दिवे डोळ्यांसारखे उघडमीट करायला लागले तर डॉक्टर काय करणार? म्हणजे दोन्हीकडून मरण. स्प्रिंग बदलून बघितली, सांधे मोकळे केले, तेल बदललं. पहिल्या दिवशी त्रेचाळीस यायचं, ते मी चव्वेचाळीसवर आणलं. पण चव्वेचाळीसच्या वर ते मेलं एक पाती सरकेना. (आमचा मीटर पात्यांचा होता, जी पाती थरथरेल तो आकडा.) खरा इलाज म्हणजे जास्त ताकदीचा गव्हर्नर. तो मागवला होता, पण तो फेब्रुवारीच्या आधी येणार नव्हता.

बाराव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी मी शेवटचे पाच फटके टाकले. चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. आमचा फिटर पांडू टाकीतली वाफ चुकवत म्हणाला, "मॅडम, वाट लागली." मी म्हटलं, "माहितीये रे बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फडके आले. रेकॉर्डर लावला, गव्हर्नरच्या झाकणाला तार ओवून शिशाचं सील ठोकलं. सामंतसाहेब त्यांना चहा देत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं-बिरवलं काही नव्हतं.

"साहेब, मामा लिव्हरला बोट लावतात हे मला आधीपासून माहीत होतं. टेस्टिंगची इनचार्ज मी आहे. मी थांबवलं नाही. पत्र द्यायचं तर मलाही द्या."

चहाचा कप सामंतसाहेबांच्या हातात तसाच राहिला. "सुलभा, तू... तूसुद्धा? मग उद्यापासून तूही येऊ नकोस."

"नाही येणार," मी म्हटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा घास नीट गिळता येईल असं वाटलं.

फडके माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, "प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण याचा अर्थ इथल्या कुणावरच मला विश्वास ठेवता येणार नाही. आज शेडमध्ये मी एकटा थांबेन. सर्वांनी बाहेर जावं. आपणही, सामंत."

सगळे बाहेर. त्यांनी गेटवरून मामांनाही बोलावून घेतलं, "ते गृहस्थ माझ्या डोळ्यांसमोर हवेत" म्हणून. शेडपासून तीसेक पावलांवर कंपाउंडच्या भिंतीशी बदामाचं झाड होतं. तिथे आम्हाला ओळीत उभं केलं, सामंतसाहेबांसकट, शाळेत शिक्षा केल्यासारखं. मामांना तर शेडकडे पाठ करून. टाकीतले पत्रे आधीच खोल सोडलेले होते, तिकडे जायचं कुणाला कामच नव्हतं. फडके आत गेले, शटर खाली ओढलं. खिडकी एकच, त्यांच्या बाजूची. त्यातून त्यांना आम्ही दिसत होतो, आम्हाला आतलं काही दिसत नव्हतं. आणि "टाकते" म्हणून ओरडणंही नव्हतं. त्यांच्या मनाला येईल तेव्हा ते स्विच ओढणार.

इंजिन सुरू झालं. बिनलोडाचा सरळ आवाज. मी डोळे मिटून उभी होते. एक मिनिट गेलं... दोन गेली... आता हे इंजिन बसणार, कण्हणार, आणि सगळं संपणार.

मग मी डोळे उघडले, का कोण जाणे, आणि शेजारी मामांच्या हाताकडे बघितलं. हात मांडीशी सरळ लोंबत होते. मामा भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, ओठ आवळून उभे. आणि त्यांचं उजवं बोट पुढे सरकलं. किंचित. लिव्हर रेटावा तसं.

आणि पाठोपाठ इंजिनाचा आवाज चढला. ऊंऽऽ! लोड नसताना! मी दचकले, म्हटलं हे काय... एवढ्यात आत स्विचचा धाड आवाज, टाकीतून फस्सकन वाफ. इंजिन किंचित हुंकारलं आणि उभं राहिलं. बसलंच नाही!

नीट वाचा. आधी बोट. मग इंजिन. मग स्विच.

मला वाटलं भास झाला, बारा दिवस झोप नव्हती. फडक्यांनी लोड काढला, इंजिन मोकळं झालं. आता मी मामांच्या बोटावरची नजर काढलीच नाही. किती वेळ गेला असेल... चार-पाच मिनिटं. बोट स्वस्थ. आणि मग परत — सरकलं. ऊंऽऽ. धाड!

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी, डोक्यावर ऊन, पलीकडे आग्रा रोडवरून ट्रक चाललेत, शेजारच्या गाळ्यात रेडिओवर बाजारभाव लागलेत... आणि मी त्या बोटाकडे बघतेय.

तिसरा फटका लगेच आला, मिनिटभरात. बोटाला बरोब्बर कळलं. चौथा कितीतरी वेळाने. तेव्हाही कळलं. एव्हाना पांडूने कान टवकारले होते. "मॅडम, इंजिन आधी उसळतंय का हो?" मी म्हटलं, "गप उभा राहा." पाचवा. ऊंऽऽ, धाड, हुंकार, आणि तो सरळ, भरल्या पोटाचा आवाज. मामांच्या कपाळावरून घाम निथळत होता. डोळे अजून मिटलेलेच.

आणि मग बराच वेळ काहीच नाही. शटर उघडेना. सामंतसाहेब पुटपुटायला लागले. शेवटी दहा-बारा मिनिटांनी शटर वर गेलं, फडके बाहेर आले. तो पांढराशुभ्र बुशशर्ट ग्रीसने बरबटलेला. हा माणूस इंजिनाखाली सरपटून आला होता! दोरी, तार, काय सापडतंय ते बघायला.

ते थेट माझ्याकडे आले. "आत या. हे वाचून दाखवा."

मी कागद बघितला. पाच फटके. सेहेचाळीस, सेहेचाळीस, सेहेचाळीस, साडेसेहेचाळीस, सेहेचाळीस. पास! पण फडक्यांचं बोट दुसरीकडे होतं. स्पीडची रेघ पाचही वेळा आधी वर उचललेली, आणि लोडची रेघ तिच्यानंतर.

"दोन पेनं मागेपुढे असतात," मी म्हटलं. तसल्या रेकॉर्डरमध्ये असतात, एकमेकांना अडू नयेत म्हणून.

"तो फरक मी वजा केलेला आहे," फडके म्हणाले. "सील शाबूत आहे. आत मी एकटा होतो. आणि आणखी एक गोष्ट सांगतो. चौथ्याच्या आधी मी स्विचवर हात ठेवला, ओढणार होतो, आणि मुद्दाम मागे घेतला. तेव्हा इंजिन हललं नाही. खरोखर ओढला तेव्हाच आधी हललं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस वर्षं हे काम करतो आहे मी."

बोटाचं मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मामांना परत कशात गुंतवायची माझी हिंमत नव्हती.

सामंतसाहेब दारातून हळूच म्हणाले, "मग... साहेब... पास का?"

"मी जे पाहिलं ते लिहीन," फडके म्हणाले. "अट पंचेचाळीसची होती. सेट पास आहे. का झालं, ते लिहायला या फॉर्मात रकाना नाही."

अहो, काय जल्लोष झाला सांगू! पांडूने डबा वाजवायला सुरुवात केली, शेजारच्या रबरवाल्यांना वाटलं मॅच जिंकली. पण मी फडक्यांपुढे उभी राहिले. म्हटलं, "साहेब, फेब्रुवारीत मोठा गव्हर्नर येतोय. तो मी स्वतः घाटकोपरला येऊन बसवीन आणि तुमच्यासमोर पुन्हा पाच फटके टाकीन. तोवर थिएटर या सेटवर ठेवू नका. आज जे झालं त्याच्या भरवशावर मला ऑपरेशन नकोय." सामंतसाहेबांनी कपाळावर हात मारला. फडके मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच हसले. "हेही लिहितो," म्हणाले.

मग त्यांनी सर्टिफिकेट भरायला घेतलं. शेवटची ओळ — चाचणी घेणाऱ्याची सही. मी पेन घ्यायला हात पुढे केला.

"आपली खाली घेऊ," ते म्हणाले. "आधी त्या गृहस्थांना बोलवा."

मामा आले. टोपी हातात, मान खाली. त्यांना वाटलं, पत्र मिळणार. फडके खुर्चीतून उठले. सगळ्या कामगारांसमोर, सामंतसाहेबांसमोर म्हणाले, "केशवराव, मागच्या वेळी मी आपल्याबद्दल फसवणूक असा शब्द वापरला. आज आपण तीस पावलांवर माझ्याकडे पाठ करून उभे होतात आणि या इंजिनाने तेच केलं जे आपण त्याला शिकवत होतात. मला काहीही समजलेलं नाही. पण तो शब्द मी मागे घेतो. इथे सही करा."

मामांनी कानावरची पेन्सिल काढली. फडक्यांनी स्वतःचं पेन दिलं. मामांनी धोतराला — नाही, पॅन्टच ती, मळकी खाकी — तिला हात पुसले आणि पूर्ण नाव लिहिलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, एकेक अक्षर कोरून. पाच मिनिटं लागली असतील. सामंतसाहेब पुढे आले आणि म्हणाले, "केशवराव, माझ्याकडून... त्या दिवशी..." मामा म्हणाले, "जावंदे, साहेबानु. च्या मागवा सगळ्यांका." माझ्या नोकरीचा विषय पुन्हा निघालाच नाही. दुसऱ्या दिवसापासून मामा टेस्टिंगवर, आणि मी त्यांच्या शेजारी. मात्र लिव्हरला बोट लावणं त्यांनी कायमचं सोडलं.

फेब्रुवारीत नवा गव्हर्नर बसवला. पाच फटके, पाचही वेळा सत्तेचाळीस. आणि रेघा अगदी पुस्तकातल्यासारख्या, आधी लोड, मग स्पीड. काढून आणलेला जुना गव्हर्नर मी नंतर दुसऱ्या इंजिनाला लावून कितीदा तरी तपासला. चव्वेचाळीस. कधीही आधी हलला नाही. आणि त्या बारा दिवसांत मामा गेटवरच होते की, तेव्हाही तो हलला नव्हता. हललं ते फक्त त्या एका दुपारी.

रेघांचा तो कागद फडक्यांनी त्या दिवशी जाताना माझ्याकडेच ठेवला होता. त्याची झेरॉक्स मी दोन प्राध्यापकांना दाखवली. एक म्हणाले कागद घसरला. पाच वेळा? एकाच बाजूला? दुसरे म्हणाले फडके स्विचजवळ गेले की जमीन हादरत असेल. मग हात मागे घेतला तेव्हा का नाही हादरली? मी स्वतः कितीतरी कारणं जुळवून बघितली, एकही धड बसत नाही. आणि बोटाचं तर मी आज पहिल्यांदा लिहितेय. देवाचं नाव घालून मोकळं व्हावं, तेही माझ्या स्वभावात नाही.

रिटायर झाल्यावर मामा गावी गेले. बऱ्याच वर्षांनी मे महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते. ओटीवर गणपतीच्या तसबिरीशेजारी काचेच्या चौकटीत ते सर्टिफिकेट. सून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "आमच्या मामंजींची सही." मी संधी साधून विचारलंच, "मामा, त्या दिवशी झाडाखाली तुमचं बोट हलत होतं. मी बघितलंय."

"बोट? खयचा बोट?" ते मनापासून चकित झाले. आपला उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. "माका काय म्हायत नाय गे. मी नुसता मनात म्हणत होतंय, बाबा, आज मी थय नाय, तुझा तू सांभाळ."

निघताना त्यांनी परसातला फणस दिला, चांगला दहा-बारा किलोचा. ऐंशीला टेकलेला माणूस, दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभा राहिला, पण देईना.

"घे हां," म्हणाले, आणि थांबले. मी पाय रोवले, दोन्ही हात पुढे केले, आणि मगच त्यांनी तो सोडला.